ताल-खेळांच्या मशिनचे पडदे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बाणांवर नाचायची, ढोल बडवायची, बटणं आणि तबकडी फिरवायची जी जपानी-कोरियन आर्केड मशिनं असतात, त्यांच्या पडद्यांबद्दल लोक मला सतत काही ना काही विचारतात. तेच तेच प्रश्न येतात म्हणून उत्तरं एकदाच नीट लिहून ठेवतो आहे. सोपे प्रश्न आधी घेतले आहेत, अवघड शेवटी. एक उत्तर दुसऱ्याला लागून असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. हा तर गाण्याचा खेळ. कानाने ऐकून ठोका द्यायचा, मग पडद्याचं एवढं कौतुक कशाला?

कारण गाणं तुम्हाला लय सांगतं, पण कुठल्या ठोक्याला कुठलं बटण हे फक्त पडदा सांगतो. चिन्ह सरकत येतं, रेषेवर पोहोचतं आणि त्या क्षणी हात किंवा पाय पडावा लागतो. गाणाऱ्याला सम जशी आधीपासून दिसत असते आणि तो तिच्याकडे येत असतो, तसं इथे सम डोळ्यांनी दिसते.

आणि माप फार बारीक आहे. बीटमॅनिया टू-डीएक्स या बटणं-तबकडीच्या खेळात सर्वांत वरचा शेरा मिळण्यासाठी ठोका नेमक्या वेळेच्या अलीकडे-पलीकडे सुमारे १६.७ मिलिसेकंदांत पडावा लागतो. डान्स डान्स रेव्होल्यूशन या बाणांवर नाचायच्या खेळाचा (पुढे डीडीआर) सर्वांत वरचा शेरा ‘मार्व्हलस’ही तसाच. सेकंदाचा साठावा भाग. साध्या ६० हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला ६० चित्रं दाखवणाऱ्या, पडद्यावर एक चित्र जेवढा वेळ टिकतं, तेवढाच हा काळ आहे. म्हणजे पडदा एका चित्राने जरी मागे राहिला, तरी फक्त डोळ्यांवर विसंबणाऱ्याची सगळी सूट संपते. या खेळात पडदा म्हणजे घड्याळ आहे, आणि खालची सगळी उत्तरं याच एका गोष्टीपाशी येतात.

२. पहिल्या मशिनांत कोणता पडदा होता?

पिक्चर ट्यूब. जपानच्या कोनामी कंपनीचं बीटमॅनिया १९९७ च्या डिसेंबरात आलं, डीडीआर आणि पॉपन म्युझिक १९९८ मध्ये, तर टू-डीएक्स आणि कोरियाच्या अँडामिरो कंपनीचं पंप इट अप १९९९ मध्ये. नामकोचं तायको नो तात्सुजिन, ते मोठ्या ढोलाचं मशिन, २००१ मध्ये आलं. डीडीआरच्या मूळ मशिनमध्ये २९ इंची ट्यूब होती, आपल्याकडे त्या काळी दिवाणखान्यात असलेल्या मोठ्या टीव्हीएवढी. टू-डीएक्सने मात्र सुरुवातीपासून रुंद पडदा घेतला, कारण त्यात दोन खेळाडूंच्या प्रत्येकी सात पट्ट्या आणि तबकडी बसवून मधे चित्रफीतही दाखवायची होती.

३. पिक्चर ट्यूबला अजिबात उशीर नसतो असं म्हणतात. खरं आहे का?

जवळजवळ खरं आहे. ट्यूबमध्ये चित्र साठवून ठेवायला जागाच नसते. मशिनमधून संकेत निघाला की इलेक्ट्रॉनचा झोत त्याच क्षणी काचेवर ती रेघ ओढतो. जुन्या आर्केड ट्यूबवर सेकंदाला सुमारे १५,७०० रेघा पडायच्या, त्यातून साठ चित्रं व्हायची आणि प्रत्येक चित्रात सुमारे २४० रेघा डोळ्याला दिसायच्या.

पण एक बारकावा बहुतेकांच्या लक्षात येत नाही. रेघा वरून खाली पडतात, म्हणून पडद्याचा तळ हा माथ्यापेक्षा जवळजवळ एका चित्राएवढा उशिरा उजळतो. डीडीआरमध्ये बाण खालून वर जातात आणि निशाण माथ्याशी असतं. बीटमॅनियात चिन्हं वरून खाली पडतात आणि रेषा तळाकडे असते. त्यामुळे एकाच जातीच्या ट्यूबवर हे दोन खेळ काही मिलिसेकंदांनी वेगळे वागतात. एलसीडीही वरूनच खाली उजळत जाते, तेव्हा हा फरक आजही गेलेला नाही.

४. एवढी चांगली होती तर ट्यूब गेली का?

बनणं थांबलं म्हणून. आर्केडवाले ट्यूब स्वतः बनवत नव्हते. घरोघरच्या टीव्हीसाठी जे कारखाने चालायचे त्यांच्यावरच त्यांचं भागायचं. घरातले टीव्ही सपाट झाले आणि कारखाने थंडावले. या उतरणीचा एक दुवा आपल्या मराठवाड्यात आहे: फ्रान्सच्या थॉमसनने आपला ट्यूबचा धंदा २००५ मध्ये औरंगाबादच्या, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या, व्हिडिओकॉनला विकला. पोलंड, इटली, मेक्सिको आणि चीनमधले कारखाने त्यात होते. पण गिऱ्हाईक तोवर सपाट पडद्याकडे वळलं होतं.

आर्केडमध्ये हा बदल एका दिवसात झाला नाही. डीडीआर एक्स या आवृत्तीबरोबर २००८ मध्ये ३७ इंची एलसीडीचं नवं मशिन आलं, पण तोच खेळ जुन्या, ट्यूबवाल्या मशिनमध्येही घालता येत होता. टू-डीएक्सचं चित्र एचडी झालं ते २०१२ च्या ट्रायकोरो आवृत्तीपासून. बरीच वर्षं दोन्ही प्रकारची मशिनं शेजारी शेजारी होती. त्या काळातल्या खेळाडूंना म्हणूनच फरक इतका नेमका माहीत आहे.

५. एलसीडी आल्यावर जुने खेळाडू एवढे वैतागले का? चित्र तर स्वच्छ झालं होतं.

थांबलेलं चित्र स्वच्छ झालं होतं, सरकणारं मळलं होतं. तक्रारी दोन होत्या आणि लोक त्यांची गल्लत करतात.

पहिली उशिराची. एलसीडी पडदा येणारं चित्र आधी साठवतो, आपल्या मापात बसवतो, रंग सुधारतो आणि मग दाखवतो. या प्रत्येक पायरीला वेळ लागतो. टीव्हीसाठी घडवलेल्या पडद्यात हा वेळ दोन-तीन चित्रांएवढा सहज होतो. प्रश्न १ मधलं माप आठवा.

दुसरी तक्रार पुसटपणाची. माझ्या मते हीच जास्त खोल आहे, कारण ती मशिनची सेटिंग बदलून जात नाही. ट्यूबवरचा ठिपका क्षणभर चमकून विझतो आणि पुढचं चित्र येईपर्यंत तिथे अंधार असतो. एलसीडी मात्र चित्र पूर्ण १६.७ मिलिसेकंद धरून ठेवते. आपला डोळा सरकत्या चिन्हाचा पाठलाग करत असतो, तो थांबत नाही. चिन्ह जागेवर उभं आणि डोळा पुढे गेलेला, म्हणून डोळ्याच्या पडद्यावर ते फासलं जातं.

आकड्यात बघू. समजा चिन्ह ४० सेंटिमीटरची वाट अर्ध्या सेकंदात कापतं. ६० हर्ट्झवर त्याला एकूण ३० चित्रं मिळतात, म्हणजे दर चित्राला ते सव्वा सेंटिमीटरहून जास्त उडी मारतं. एलसीडीवर तेवढाच त्याचा फराटा दिसतो. बारीक चिन्ह स्वतः एवढं जाड नसतं! म्हणून दोन्ही पडदे ६० हर्ट्झचेच असूनही जुन्या ट्यूबवर दाट नोटा (म्हणजे हीच सरकती चिन्हं) सुट्या सुट्या वाचता यायच्या आणि एलसीडीवर एकमेकींत मिसळायच्या. ‘म्हातारे झालात’ म्हणून या खेळाडूंची तेव्हा बोळवण व्हायची. त्यांचं बरोबर होतं.

६. मग १२० हर्ट्झने नेमकं काय केलं?

कोनामीने २०१९ मध्ये टू-डीएक्सचं ‘लाइटनिंग मॉडेल’ आणलं. त्यात मोठा १२० हर्ट्झचा पडदा होता आणि खाली वेगळा स्पर्शपडदा. २०२० मध्ये तायको नो तात्सुजिनच्या ‘निजिइरो’ आवृत्तीत ढोलाच्या खेळाचं चित्रही १२० वर गेलं. २०२१ मध्ये साउंड व्होल्टेक्स या खेळाचं ‘व्हॅल्किरी मॉडेल’ आणि सेगा कंपनीच्या चुनिथम या खेळाचं नवं मशिन आलं, तीही १२० हर्ट्झचीच.

यातून तीन गोष्टी साधल्या. प्रश्न ५ मधली उडी निम्मी झाली, म्हणून फराटाही निम्मा. चित्र १६.७ ऐवजी ८.३ मिलिसेकंदांनी बदलू लागलं, त्यामुळे पुढच्या चित्रासाठीची वाट कमी झाली. आणि डोळ्याला चिन्हाच्या वाटेवरचे दुप्पट ठसे मिळाले.

तिसरी गोष्ट समजायला टू-डीएक्समधला ‘हिरवा आकडा’ उपयोगी पडतो. चिन्ह पडद्यावर दिसल्यापासून रेषेवर पोहोचेपर्यंत किती वेळ मिळतो, ते हा आकडा सांगतो. ६०० म्हणजे एक सेकंद, ३०० म्हणजे अर्धा. मुरलेले खेळाडू वेग वाढवून आणि पडद्यावरच्या वाटेचा वरचा भाग झाकून हा आकडा ३०० च्या आसपास आणतात, म्हणजे चिन्हं विरळ होतात आणि वाचता येतात. ६० हर्ट्झवर त्या अर्ध्या सेकंदात ३० ठसे मिळायचे, आता ६० मिळतात. वेळ तेवढाच, पण वाट जास्त भरीव दिसते. ट्यूबची सर त्याला पूर्ण येत नाही, पण ट्यूब गेल्यानंतर या खेळांच्या पडद्यात झालेली ही सर्वांत मोठी सुधारणा आहे असं मला मनापासून वाटतं.

७. १२० हर्ट्झवर परीक्षा दुप्पट कडक होते का?

नाही. वेळेची सूट मिलिसेकंदांतच राहते. फक्त तुम्हाला ती दिसते जास्त नीट.

८. काही मशिनांत पडदा उभा का असतो?

कारण खेळाची वाट उभी असते. साउंड व्होल्टेक्समध्ये (२०१२) चिन्हं दुरून पायवाटेसारखी समोर येतात, त्यांना लांबी हवी.

पण उभ्या पडद्याचा सर्वांत सुंदर वापर मला कोनामीच्या २००८ च्या जुबीटमध्ये दिसतो. त्यात चार गुणिले चार अशी सोळा पारदर्शक बटणं आहेत आणि प्रत्येक बटणाच्या आत चित्र उमलतं. बघणाऱ्याला वाटतं सोळा छोटे पडदे आहेत. प्रत्यक्षात एकच उभी एलसीडी आहे. तिच्या खालच्या भागावर बटणांची जाळी बसवली आहे आणि वरच्या भागात गाण्याचं नाव आणि गुण दिसतात. यात काहीच सरकत नाही, चिन्ह जागच्या जागी उमलतं. म्हणून प्रश्न ५ मधला फराटा जुबीटला जवळजवळ बाधत नाही. त्या काळच्या एलसीडीची उणीव टाळणारा हा खेळ होता. ते ठरवून केलं की ओघात झालं, त्यापेक्षा ते जमलं हे महत्त्वाचं.

९. मायमायचा पडदा खरंच गोल आहे का?

नाही. सेगाचं मायमाय (२०१२) समोरून कपडे धुण्याच्या मशिनसारखं दिसतं: गोल काच आणि कडेने आठ बटणं. पण आत साधी आयताकृती एलसीडी उभी बसवलेली आहे. तिच्या खालच्या चौकोनावर गोल चौकट ठेवली आहे, चौकोनाचे कोपरे झाकले जातात. वरचा उरलेला भाग माहिती दाखवायला वापरतात. २०१९ च्या मायमाय डीएक्समध्येही हीच रचना आहे. जुबीटसारखीच ही युक्ती: एकच पडदा, पण चौकटीने त्याचं रूप पालटलेलं.

चिन्हं केंद्रातून निघून कडेकडे जातात, म्हणून त्यांची वाट आखूड असते. गोल आकाराचा फायदा असा की आठही बटणांचं केंद्रापासूनचं अंतर सारखं. डोळा मधे ठेवला की सगळीकडे सारखं लक्ष जातं.

१०. पडदा जितका मोठा तितका चांगला का?

नाचाच्या मशिनवर हो, थोडंफार. खेळाडू पडद्यापासून चार-पाच फूट लांब उभा असतो आणि सतत हलत असतो. डीडीआर २९ वरून ३७ इंचांवर गेलं, पंप इट अपचं एलएक्स मशिन ५५ इंचांवर. ते योग्यच होतं, मागे रांगेत उभ्या असलेल्यांनाही दिसतं.

बसून किंवा जवळ उभं राहून खेळायच्या मशिनवर मात्र मोठा पडदा नडतो. नजर एका ठिकाणी ठेवून कडेचं दिसलं पाहिजे. पडदा फार रुंद असेल तर मान फिरते, आणि मान फिरली की नोट गेलीच. शिवाय वाट लांबली तर तेवढ्याच वेळात चिन्ह जास्त अंतर कापतं, म्हणजे फराटा पुन्हा वाढतो. १२० हर्ट्झ नसताना केवळ इंच वाढवणं मला चुकीचं वाटतं.

११. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची आहे. मग ६० हर्ट्झचा खेळ इथे हळू चालतो का?

हा प्रश्न फार वेळा येतो. उत्तर: नाही चालत. भिंतीतून येणारी वीज आधी एकदिश करून घेतली जाते आणि पडद्याचा वेग मशिनच्या आतल्या स्फटिकाच्या घड्याळावर ठरतो. याचा पुरावा जपानमध्येच आहे. टोकियोकडच्या पूर्व भागात वीज ५० हर्ट्झची आहे आणि ओसाकाकडच्या पश्चिम भागात ६० ची. तेच मशिन दोन्हीकडे सारखंच चालतं.

खरी काळजी व्होल्टची घ्या. जपानी मशिन १०० व्होल्टवर चालतं, आपल्याकडे २३०. मधे दाब उतरवणारा ट्रान्सफॉर्मर हवाच, आणि तोही ॲम्प्लिफायरसकट सगळ्याचा भार पेलणारा.

१२. जुन्या मशिनच्या पडद्यावर कोपऱ्यात जांभळा-हिरवा डाग दिसतो. ट्यूब गेली का?

बहुधा नाही. ट्यूबच्या काचेमागे भोकं पाडलेला धातूचा पत्रा असतो. तो चुंबकित झाला की झोत वाकून चुकीच्या रंगावर पडतो. या मशिनांत मोठे स्पीकर पडद्याच्या अगदी जवळ असतात, आणि दुरुस्तीत कुणी चुंबकीय कवच नसलेला स्पीकर बसवला की डाग हमखास येतो. स्पीकर बदला आणि पत्र्याची चुंबकता घालवून घ्या, रंग परत येतात. एलसीडीला हा त्रास नाही.

१३. फोनने व्हिडिओ काढला की जुन्या पडद्यावर काळे पट्टे का धावतात?

प्रश्न ३ मधल्या झोतामुळे. कोणत्याही एका क्षणी ट्यूबचा लहानसा पट्टाच उजळलेला असतो. डोळा तो जुळवून घेतो, कॅमेरा घेत नाही. कॅमेऱ्यात शटरचा वेळ हाताने ठरवता येत असेल तर तो सेकंदाचा साठावा भाग ठेवा. पट्टे बरेच विरतात.

१४. ट्यूब खराब झाली आहे. तिथे एलसीडी बसवली तर चालेल का?

चित्र दिसेल. खेळ तोच राहील याची खात्री नाही.

जुनं मशिन १५ किलोहर्ट्झचा (प्रश्न ३ मधल्या सेकंदाला सुमारे १५,७०० रेघांचा) संकेत देतं आणि आजचे बहुतेक पडदे तो घेत नाहीत. मधे रूपांतर करणारा बोर्ड लागतो. स्वस्त बोर्ड पूर्ण चित्र साठवून मग पुढे पाठवतात, म्हणजे उशीर आलाच. त्याऐवजी रेघ आली की ती लगेच दुप्पट करून पाठवणारा बोर्ड घ्या, त्याचा उशीर काही रेघांएवढाच असतो. नंतर पडद्याचा स्वतःचा उशीर उरतो. जुन्या डीडीआरमध्ये खेळाडूला वेळ पुढे-मागे सरकवायची सोय नाही, म्हणून जो उशीर उरेल तो पायांनाच भरून काढावा लागतो.

माझं मत: दुसरी ट्यूब मिळत असेल तर तीच बसवा. पण स्वतः हात घालू नका. ट्यूबच्या ॲनोडवर २० हजार व्होल्टहून जास्त दाब असतो आणि मशिन बंद केल्यावरही तो साठून राहतो. जुने टीव्ही दुरुस्त केलेला जाणकार अजून जवळपास सापडतो, त्यालाच बोलवा.

१५. घरी लॅपटॉप टीव्हीला जोडून स्टेपमॅनिया (संगणकावरचा डीडीआरसारखा खेळ) खेळतो. सगळे ठोके उशिरा पडतात असं दाखवतं. काय करू?

आधी टीव्हीचा ‘गेम मोड’ चालू करा. त्याने चित्र सुधारण्याच्या बऱ्याच पायऱ्या बंद होतात. मग आवाज ब्लूटूथवरून येत असेल तर तार लावा, ब्लूटूथचा उशीर पडद्याच्या कितीतरी पट असतो. स्पीकर लांब असेल तर जवळ आणा: आवाजाला एक मीटर यायला सुमारे ३ मिलिसेकंद लागतात. हे सगळं झाल्यावरच स्टेपमॅनियातला ‘ग्लोबल ऑफसेट’ (सगळ्या गाण्यांची वेळ एकदम पुढे-मागे सरकवणारा आकडा) बदला. क्रम उलटा केलात तर दर वेळी नवीन आकडा शोधत बसाल.

१६. उशीर कायम सारखाच असेल, तर सेटिंगने तो शून्य करता येतो ना? मग पडदा कुठलाही चालेल!

नाचाच्या खेळात बऱ्याच अंशी हो. तिथे गाणं आपल्या गतीने चालू असतं, तुमच्या पावलाने त्यात काही बदलत नाही. चिन्हं थोडी आधी दाखवली की झालं.

बीटमॅनियाच्या घराण्यातल्या खेळांत मात्र गोष्ट वेगळी आहे. तिथे बटण दाबलं की त्या नोटेचा स्वर वाजतो, तुम्ही गाण्याचा तुकडा खरंच वाजवत असता. चिन्हं आधी दाखवायची सोय टू-डीएक्समध्ये आहे आणि तिने पडद्याचा ठरलेला उशीर भरून निघतो. पण ती चुकीची लावली, तर डोळा एक सांगतो आणि कान दुसरं. डोळ्याचं ऐकून दाबलं की स्वर गाण्याच्या पुढे पळतो. ते ऐकून हात आपोआप मागे येतो, मग चिन्ह रेषा ओलांडून गेलेलं दिसतं, की हात पुन्हा पुढे. दोन मात्रांमध्ये लोंबकळत राहिलेल्या तबलजीसारखी अवस्था होते.

शिवाय प्रश्न ५ मधला फराटा कोणत्याही सेटिंगने जात नाही, आणि उशीर कमी-जास्त होत असेल तर एक ठरीव आकडा त्याला पुरा पडत नाही. म्हणून नव्या मशिनवर बसलात तर माझी पद्धत अशी: पूर्ण पाठ असलेलं, मध्यम गतीचं एक गाणं लावायचं. ते डोळे जवळजवळ मिटून, कानाने वाजवायचं. शेवटी ‘फास्ट’ (लवकर पडलेले ठोके) किती आणि ‘स्लो’ (उशिरा पडलेले) किती ते बघायचं. मग तेच गाणं डोळ्यांनी वाचत वाजवायचं. दोन्ही वेळचा कल जुळेपर्यंत सेटिंग एकेका पायरीने हलवायचं.